पट्टी बांधायच्या आधी रक्त पोचतंय का ते बघा

माझ्या मामाच्या पायाचं ड्रेसिंग सात आठवडे चाललं होतं, रोज. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली कुरूप होतं ते त्याने घरीच ब्लेडने काढलं, तिथे जखम झाली, शुगर पंधरा वर्षांची त्यामुळे दुखलं काहीच नाही आणि आठ-दहा दिवस त्याने कुणाला सांगितलंही नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा मामीला कळलं. मग घराजवळच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग सुरू झालं, रविवारी दवाखाना बंद म्हणून रविवारचं मी करायचे. मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली अर्धी तरी ड्रेसिंग रूममध्ये गेली. सलाईनने गॉज भिजवायचा, हळूच सोडवायचा, जखम धुवायची, मलम, नवीन गॉज, पट्टी. जखम दिसायला स्वच्छ होती, पस नाही, वास नाही, फक्त भरत नव्हती. तळ फिकट, जवळजवळ पांढुरका, आणि गॉज ओढला तरी रक्ताचा टिपूस येत नव्हता. हे मी दर रविवारी बघत होते आणि मनात म्हणत होते की बरं आहे, स्वच्छ आहे. आठव्या आठवड्यात अंगठा काळा पडला. अंगठा काढला, ती ऑपरेशनची जखमही भरली नाही, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय गेला. एवढ्या दिवसांत एकदाही कुणी, डॉक्टरांनी नाही आणि मी पण नाही, त्याच्या पावलावर दोन बोटं ठेवून नाडी लागते का ते बघितलं नव्हतं.

हे आधी सांगितलं कारण पुढे जे लिहितेय ते यातूनच आलंय. जखमेच्या आजूबाजूच्या मांसात ऑक्सिजन किती पोचतोय हे प्रकाशाने मोजणारे कॅमेरे आता मिळतात, आणि आमच्या क्षेत्रात त्यावर बोलणं झालं की दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणतो हे आलं की पाय वाचणार, दुसरा म्हणतो परदेशी खेळणं आहे, आपल्याला परवडणार नाही. मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं हे मशीन मुंबईत यावं, महापालिकेच्या पैशाने यावं, पण ते मोठ्या हॉस्पिटलच्या एसी खोलीत न ठेवता जिथे रोजची पट्टी बदलली जाते त्या टेबलाजवळ यावं. आणि ते येईपर्यंत दोन बोटं आणि एक साधा डॉपलर (धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) यांच्यावर जे काम व्हायला पाहिजे ते आजपासून व्हावं, त्यासाठी कुठल्याही कॅमेऱ्याची वाट बघायची गरज नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू. लहानपणी लाईट गेली की आपण बॅटरी तळहातावर दाबून धरायचो, तळवा लालभडक दिसायचा. तसं दिसायचं कारण बाकीचे रंग मांसात अडकतात आणि लाल प्रकाश बराचसा आरपार येतो. लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश तर अजून खोल जातो. आता रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन असेल तेव्हा चकचकीत लाल असतं आणि ऑक्सिजन सोडलेलं असेल तेव्हा काळपट. काळपट हिमोग्लोबिन ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजनवालं ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड जास्त शोषतं, आणि ८०० च्या जवळपास दोघांचं शोषण सारखं होतं. वेगवेगळ्या लांबीच्या लहरी टाकायच्या, परत किती येतात ते मोजायचं, आणि त्यातून एकूण हिमोग्लोबिनपैकी ऑक्सिजनवालं किती टक्के ते काढायचं. जिवंत शरीरात असा इन्फ्रारेड प्रकाश घालून मेंदू आणि हृदयाचा ऑक्सिजन बघता येतो हे फ्रान्स यॉब्सिस या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवलं, म्हणजे कल्पना काही कालची नाही. जखमेवरचा कॅमेरा हेच काम फोटोसारखं करतो, पायाला हात न लावता, सुई नाही, डाय नाही, काही सेकंदात, आणि स्क्रीनवर पायाचा नकाशा येतो, ऑक्सिजन भरपूर तिथे लाल, कमी तिथे निळा.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकते कारण तो रोज भेटतो. कोविडमध्ये मुंबईत घरोघरी ऑक्सिमीटर आले. आता पेशंटचा मुलगा ते ऑक्सिमीटर वडिलांच्या पायाच्या बोटाला लावतो आणि सांगतो, सिस्टर सत्याण्णव आहे, म्हणजे पायाला ऑक्सिजन आहे ना. तसं नाहीये. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरने १९७४ मध्ये जी युक्ती मांडली ती अशी की फक्त ठोक्याबरोबर हलणारं धमनीतलं रक्त बघायचं. त्या रक्तात ऑक्सिजन किती हे तुमच्या फुफ्फुसांवर ठरतं. नळाला पाणी स्वच्छ येतंय म्हणून ते पुरेसं येतंय असं होत नाही, चाळीत वरच्या मजल्यावर राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको, धार करंगळीएवढी असली तरी पाणी स्वच्छच असतं. जखमेवरचा कॅमेरा धमनी, केशवाहिन्या आणि शिरा या सगळ्यांतलं रक्त मिळून बघतो, म्हणजे पेशींनी वापरून झाल्यावर किती ऑक्सिजन शिल्लक राहिला त्याचा अंदाज येतो. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि जखम भरायला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लागतं.

मी हा कॅमेरा एकदाच जवळून बघितलाय. एका हॉस्पिटलात कंपनीचा माणूस दाखवायला घेऊन आला होता. टेबलावर एक मावशी होत्या, मासे विकणाऱ्या, पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात उभं राहायचं काम, डाव्या पायाच्या करंगळीच्या बाजूला दोन महिन्यांची जखम. खोलीतले दिवे कमी केले, जखम धुऊन कोरडी केली, फूटभर अंतरावर धरून फोटो घेतला. टाच लाल-पिवळी, पावलाचा मधला भाग हिरवट, आणि जखमेपासून पुढे सगळं निळं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण निळं. मावशींनी मान वाकडी करून स्क्रीन बघितली, मग स्वतःचा पाय बघितला, परत स्क्रीन बघितली. पायाकडे बघून काहीच कळत नव्हतं, दोन्ही बोटं सारखीच सावळी होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे हितं पानीच येत नाय." महिनाभर आम्ही त्यांना सांगत होतो की मोठ्या हॉस्पिटलात जाऊन रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरला दाखवा, त्या हो म्हणायच्या आणि जायच्या नाहीत. त्या आठवड्यात गेल्या.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि मशीनच्या माहितीपत्रकात ते कुठेच नसतं. आपण सहज लिहितो, पुढच्या हॉस्पिटलला दाखवा. केस पेपरवर एक ओळ. त्या ओळीचा अर्थ त्या माणसासाठी काय होतो? सकाळी सहाला घर सोडायचं, दुखऱ्या किंवा बधिर पायाने लोकलमध्ये चढायचं, परळला नाहीतर सायनला उतरून पूल चढायचा, केस पेपरची रांग, ओपीडीची रांग, डॉपलरची तारीख दोन आठवड्यांनी, परत येणं. हातावर पोट असणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो, बरोबर आलेल्या मुलाचा पण खाडा होतो. आणि हे सगळं कशासाठी, तर न दुखणाऱ्या, स्वच्छ दिसणाऱ्या, रुपयाएवढ्या जखमेसाठी. नाही जात लोक, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझा मामा पण म्हणायचा, "अगं तू करतेयस ना ड्रेसिंग, मग कशाला तिकडे." त्याला कोणी असा नकाशा दाखवला असता तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

देशात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक आहेत असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत निघालं. त्यातल्या ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना मुंबईत पायाला इजा व्हायला निमित्त कमी नाही. गरम पाण्याचा शेक घेताना भाजणं, सोमवारी रात्री अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जाणं, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून घरी येणं (त्यात लेप्टोची भीती वेगळी), दिवसभर ओल्या गमबुटात काम. जखमा होणार. त्यातल्या कुठल्या नुसत्या ड्रेसिंगने आणि पायावरचा भार कमी करून भरतील आणि कुठल्या रक्तवाहिनी उघडल्याशिवाय भरणारच नाहीत, हे पहिल्या दोन आठवड्यांत वेगळं काढता आलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की नीट उपचार करूनही चार ते सहा आठवड्यांत जखम सुधारत नसेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी करून रस्ता मोकळा करायचा विचार करा. आणि चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही तर बारा आठवड्यांत ती भरायची शक्यता कमीच, हे आमच्या कामात जुनं माहीत असलेलं गणित आहे. पण क्षेत्रफळ मोजतं कोण? केस पेपरवर रोज एकच शब्द असतो, सीडी, क्लीन ड्रेसिंग, खाली सही.

म्हणून मशीन कुठे ठेवायचं हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे. केईएम, सायन, नायर, जेजे इथे रक्तवाहिन्या तपासायची सोय आहे, तिथपर्यंत माणूस पोचला तर त्याचा पाय कुणीतरी बघणार आहे. नुकसान होतं ते त्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांत, गल्लीतल्या दवाखान्यात, पालिकेच्या डिस्पेन्सरीत, २०२२ पासून सुरू झालेल्या आपला दवाखान्यात, जिथे सिस्टर किंवा ड्रेसर एकटा पट्टी बदलत असतो आणि "अजून थोडे दिवस बघू" हा निर्णय नकळत तोच घेत असतो. त्याच्या हातात काहीतरी द्या. त्वचेला इलेक्ट्रोड चिकटवून ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत चांगली आहे, त्यात ३० मिलिमीटर पाऱ्याच्या (बीपी मोजतात तेच माप) खाली आकडा आला तर जखम भरायची आशा कमी असं धरतात, पण त्यात इलेक्ट्रोड ४४ अंशांपर्यंत तापवून पंधरा-वीस मिनिटं पेशंटला हलू न देता झोपवावं लागतं. ज्या खोलीत सकाळी साठ ड्रेसिंग असतात तिथे हे होणार नाही. अर्ध्या मिनिटात होणारी गोष्ट होईल. प्रत्येक वॉर्डात एक नको, आठवड्याला एक दिवस फिरतं मशीन ठेवलं तरी चालेल, गुरुवारी पायाच्या जखमावाल्यांनी यावं एवढं ठरलं की झालं.

आता मशीन कुठे फसवतं ते पण सांगायला पाहिजे, कारण मी ज्यांच्या हातात द्या म्हणतेय त्यांना हे शिकवलं नाही तर उलटं होईल. एक तर ते वरचे काही मिलिमीटरच बघतं, खोल काय चाललंय ते नाही. जखमेत इन्फेक्शन असेल तर तिथे रक्त धावून आलेलं असतं, नकाशा छान लाल दिसतो, आणि आत हाडापर्यंत पस असू शकतो. शुगरमुळे नसा खराब झालेल्या पायात तर रक्त केशवाहिन्यांत न जाता आडवाटेने धमनीतून थेट शिरेत निघून जातं, पाय हाताला गरम लागतो, आकडा चांगला येतो, पेशी मात्र उपाशी. जाड भोवरी असेल, सूज असेल, काळी खपली असेल, वर रक्त सांडलेलं असेल तर आकड्यावर भरवसा नाही. अमुक टक्क्यांच्या वर पाय वाचतो आणि खाली जातो अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेषा नाही. त्यामुळे एका फोटोवर निकाल देऊ नये. त्याच माणसाच्या दुसऱ्या पायाशी तुलना करावी, मागच्या आठवड्याच्या फोटोशी करावी, निळा भाग वाढतोय का बघावं. आणि लाल दिसला म्हणून पुढे पाठवायचं थांबवू नये कधीच. निळा दिसला तर लगेच पाठवा, लाल दिसला तर बाकीचं सगळं नेहमीसारखं तपासा, माझ्या मते ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर एवढंच लावलं तरी पुरे.

कातडीच्या रंगाचा मुद्दा मला फार गंभीर वाटतो. मेलॅनिन पण प्रकाश शोषतं. २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला, साध्या ऑक्सिमीटरवर आकडा ठीक दिसतोय पण रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन कमी आहे असं काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा निघालं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. म्हणजे जवळजवळ तिप्पट. इतकी वर्षं जगभर वापरलेल्या यंत्राची ही गत, तर नवीन कॅमेऱ्याचं काय. तळव्याला रंग कमी असतो म्हणून तिथे त्रास कमी होईल, पण पावलाची वरची बाजू, घोटा, नडगी इथे आपली कातडी बऱ्यापैकी सावळी असते आणि उन्हात चप्पल घालून फिरणाऱ्यांची तर पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी असते, चपलेच्या अंगठ्याखाली उजळ आणि बाजूला काळी. हे पट्टे नकाशात ऑक्सिजनचे पट्टे म्हणून दिसले तर? म्हणून विकत घेण्याआधी इथल्या पायांवर, सगळ्या रंगांच्या, डॉपलर आणि पायाच्या बोटातल्या बीपीच्या जोडीने तपासून बघा, आणि तो हिशोब सगळ्यांना वाचायला ठेवा. मोठी पालिका हॉस्पिटलं कामाला येतील ती इथे. टेंडरमध्ये ही अट पहिली असावी, किंमत दुसरी.

किमतीचं म्हणाल तर बाहेरून येणारी मशीन महाग आहेत हे खरंच आहे. पण आत असतं काय, एलईडी, कॅमेऱ्याचा सेन्सर आणि गणित. पवईच्या आयआयटीत बेटिक नावाचं केंद्र वैद्यकीय उपकरणं बनवायचंच काम करतं, इथल्या डॉक्टरांबरोबर बसून. त्यांच्यासारख्यांना पालिकेने सांगावं की आम्हाला ड्रेसिंग रूममध्ये पडलं तरी न फुटणारं, ट्यूबलाईटमध्ये चालणारं, सिस्टरला मराठीत सूचना देणारं मशीन पाहिजे.

दुसरी भीती खाजगी बाजूची. मला दिसतंय काय होईल ते, फूट चेकअपचं पॅकेज निघेल, त्यात रंगीत फोटोची एक प्रिंट, आणि ज्याला रक्तपुरवठ्याचा काही त्रास नाही त्याचा पण दर आठवड्याला फोटो निघेल आणि बिलात ओळ वाढेल. ज्याच्या पावलाच्या दोन्ही नाड्या ठणठणीत लागतात आणि जखम आठवड्या-आठवड्याला लहान होतेय त्याला याची गरज नाही. त्याला पायावरचा भार काढायची, एमसीआरच्या म्हणजे मऊ रबराच्या चपलेची, शुगर आटोक्यात ठेवायची गरज आहे, आणि त्या कंटाळवाण्या गोष्टींवर कुणी पॅकेज काढत नाही.

आणि मुळात, कॅमेरा नसला तरी काय काय करता येतं ते आपण करत नाही ही माझी तक्रार आहे, माझ्यासकट. पावलाच्या वरची नाडी आणि घोट्यामागची नाडी, दोन्ही पायांची, मिळून दोन मिनिटं लागतात. हातात मावणारा डॉपलर असेल तर आवाज ऐकू येतो, निरोगी धमनीचा आवाज चाबकासारखा खणखणीत असतो आणि वर कुठे अडलेली असेल तर वाऱ्यासारखा नुसता हूऽऽ येतो, महिनाभरात कान तयार होतो. घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी हे गणित पण शिकवा, फक्त शुगरवाल्यांच्या धमन्या चुन्यासारख्या कडक होतात म्हणून तिथे आकडा खोटा चांगला येतो हे सांगून शिकवा, आणि त्यासाठी पायाच्या अंगठ्याला लावायचा छोटा पट्टा ठेवा, अंगठ्यातल्या धमन्या तेवढ्या कडक होत नाहीत. वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ हॉस्पिटलात कुष्ठरोगाच्या बधिर पायांच्या जखमा कित्येक पिढ्या सांभाळल्या गेल्यात, बधिर पाय कसा बघायचा हे या शहराला नवीन नाही.

माझी मागणी सरळ आहे. पायाची जखम दोन आठवड्यांची झाली की केस पेपरवर रक्तपुरवठ्याची नोंद असलीच पाहिजे, नाडी असो, डॉपलर असो, कॅमेरा असो, जे असेल ते, तारखेसकट. आणि पायाचं एक बोटसुद्धा कापायच्या आधी, जीव धोक्यात आहे म्हणून तातडीने करावं लागलं तर गोष्ट वेगळी, पण एरवी रक्तवाहिन्यांची तपासणी झाल्याचं लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर नातेवाईकांनी विचारावं, "डॉक्टर, रक्त पोचतंय का ते बघितलंत का?" घोट्याच्या वरून पाय गेलेल्या शुगरच्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षांत जगात राहत नाहीत. अनेक कॅन्सरपेक्षा हे वाईट आहे. कॅन्सरची नुसती शंका आली तरी आपण तुकडा काढून तपासायला पाठवतो, आणि इथे सात आठवडे पट्टी बांधत बसतो.

मामा आता कृत्रिम पायावर चालतो, जिना उतरताना कठड्याला धरून एक एक पायरी. डावा पाय राहिलाय. मी रविवारी जाते तेव्हा तो चहाच्या आधी चप्पल काढून पाय माझ्या मांडीवर ठेवतो. आधी तळवा बघते, बोटांच्या बेचक्या बघते, मग दोन बोटं पावलावर. घोट्यामागची नाडी चांगली लागते. वरची मागच्या महिन्यापासून बारीक लागतेय, म्हणून येत्या मंगळवारी मी रजा टाकलीये, त्याला परळला घेऊन जातेय.